चढायला जो गिअर, उतरायला तोच

मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. आपल्या घरांतून "मला गाडी येते" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना गिअर वर चढवता येतो, खाली उतरवता येत नाही. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा हे सगळ्यांना जमतं. आणि उलटं यायचं असेल तर? क्लच तळापर्यंत दाबायचा, ब्रेक मारायचा, गाडी जवळजवळ थांबली की कसाबसा दुसरा नाहीतर थेट पहिला टाकायचा. मधला सगळा रस्ता गाडी इंजिनापासून सुटलेली आणि फक्त ब्रेकच्या भरवशावर. सपाट रस्त्यावर हे खपून जातं. हैदराबाद सपाट नाही, आणि आपलं तुळजापूरही सपाट नाही.

मी काचीगुड्यात जन्मले, लग्न होऊन बरकतपुऱ्यात आले, बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. तीस वर्षांपेक्षा जास्त काळ गाडी चालवते आहे, पाच गिअरचीच. मुलगी पुण्यात, मुलगा न्यू जर्सीत. म्हणजे आपल्यातल्या बहुतेक घरांसारखंच घर. आणि म्हणूनच हा विषय मला नुसता गाड्यांचा वाटत नाही. साठी उलटलेल्या आपल्या किती घरांत गाडी चालवणारा माणूस एकच असतो ते आठवून बघा. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, गुडघा धरला, छातीत कळ आली, की कंपाउंडात उभी असलेली चांगली गाडी शोभेची होते. बाजूला बसलेल्या बाईकडे पंधरा-वीस वर्षांचं लायसन्स असतं. ती रिक्षा बोलावते. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी सहज विचारलं, तर लायसन्स बऱ्याच जणींच्या पर्समध्ये होतं, गाडी चालवणाऱ्या आम्ही दोघीच. कारण विचारलं तर उत्तर जवळपास सगळ्यांचं सारखं: "सरळ रस्त्यावर काही नाही गं, हळू करताना झटके बसतात. मग हे ओरडतात."

झटके का बसतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मला सांगितलं ते मामांनी. मामा १९६४ साली आरटीसीत ड्रायव्हर म्हणून लागले. एपीएसआरटीसी झाली १९५८ ला, पण तिचं मूळ निजामाच्या रेल्वे आणि रोड खात्यात. १९३२ साली २७ बस आणि १६६ माणसांवर ती सेवा सुरू झाली, बस स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. पुढे बसच्या नंबरात जो झेड असायचा तो निजामाच्या आईच्या, झेहरा बेगमच्या, नावाचा असं मामा अभिमानाने सांगायचे. (खरंखोटं तेच जाणोत, पण सगळ्या डेपोत हीच गोष्ट चालायची.) मामांना शिकवणारे उस्ताद त्या निजामी काळातले. त्यांची शिस्त अशी की गिअर टाकताना करकर आवाज आला तर त्या दिवशी चहा नाही.

त्या जुन्या बसना सिंक्रोमेश नव्हतं. हा शब्द घाबरवतो, वस्तू साधी आहे. गिअरबॉक्समधले दोन भाग वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. ते एकमेकांत अडकवायचे तर आधी त्यांचा वेग सारखा व्हायला हवा. सिंक्रोमेश म्हणजे पितळी कड्या, त्या घासून घासून हा वेग जुळवून देतात. मोटारीत हे पहिल्यांदा आणलं कॅडिलॅक कंपनीने, १९२८ च्या सुमारास. आपल्याकडच्या बस-ट्रकपर्यंत यायला फार वर्षं गेली. तोवर ही कड्यांची कामगिरी ड्रायव्हरच्या पायांनी करायची. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. डबल क्लच म्हणायचे त्याला. मामा हे इतकं सफाईने करत की मागच्या सीटवर झोपलेल्याची मान हलत नसे. आमच्या बाबांच्या पद्मिनीला स्टिअरिंगजवळ दांडीचा गिअर होता आणि पहिल्याला सिंक्रो नव्हतं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायला गेलं की ती दात खायची. मामा चालवायला बसले की तीच पद्मिनी गाईसारखी वागे.

आताच्या गाडीत डबल क्लच लागत नाही. मुलं मोबाइलवर शर्यतीचे व्हिडिओ बघून एकाच पायाने ब्रेक आणि रेस दोन्ही दाबायची कसरत करायला जातात, तीही लागत नाही. नारायणगुड्याच्या सिग्नलला कोण शर्यत लावतंय? पण त्यामागचं तत्त्व तेच आहे आणि तेवढं मात्र कळायला हवं. चाकं ज्या वेगाने फिरतायत, त्या वेगाला खालच्या गिअरमध्ये इंजिनाला जास्त फिरावं लागतं. छोट्या पेट्रोल गाडीत ताशी ५० ला चौथ्यात इंजिन मिनिटाला साधारण १९०० फेरे घेत असेल, तर तिसऱ्यात २६०० आणि दुसऱ्यात ४००० च्या घरात. गाडीगाडीप्रमाणे आकडे इकडेतिकडे होतात, चढण तीच. तुम्ही क्लच दाबला की इंजिन ९००-१००० वर येऊन बसतं. तेवढ्यात दुसरा टाकून क्लच धाडकन सोडला, तर त्या बिचाऱ्याला एका क्षणात हजारावरून चार हजारांवर ओढलं जातं. ओढणार कोण, तर पुढची चाकं. तोच तो झटका. ओल्या रस्त्यावर चाकं घसरतात ती यानेच.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करायचे. पहिला म्हणजे आधी ब्रेकने वेग त्या गिअरजोगा करायचा, मग गिअर. आमच्या गाडीला दुसरा साधारण तिसाच्या खाली, तिसरा पन्नासच्या खाली असं मी ठरवून टाकलंय. ते काट्याकडे न बघता आवाजावरून कळायला महिनाभर लागतो. दुसरा उपाय म्हणजे क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने चिमूटभर रेस द्यायची आणि क्लच मऊ हाताने, म्हणजे पायाने, सोडायचा. चिमूटभर म्हणजे खरंच चिमूटभर, भाजीत हिंग टाकतो तेवढी. इंजिन जरासं वर येतं, खालचा गिअर त्याला तिथेच भेटतो आणि गाडी नुसती किंचित दबल्यासारखी होते. हे जमलं की बाजूला बसलेल्या "ह्यां"ना ओरडायला काही उरत नाही. हा फायदा मी इंजिनाच्या फायद्याच्या वर ठेवते.

हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये का शिकवत नाहीत? मी माझ्या मुलीच्या आणि नंतर वहिनीच्या वेळी मागच्या सीटवर बसून पाहिलंय. स्कूलच्या गाडीत डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतो, सरांच्या पायाखाली. सिग्नल आला की शिकणारी ब्रेकवर पाय नेते न नेते, तोवर सरांनी आपला क्लच दाबलेला असतो, वर म्हणतात, "हां, अब सेकंड डालो." गिअर पडतो लोण्यासारखा. क्लच सोडतातही सरच, अलगद. मुलीला वाटतं आपल्याला आलं. पंधरा-वीस दिवसांची फी संपते, ती घरच्या गाडीत बसते आणि पहिल्याच चौकात गाडी उडी मारते. तिला वाटतं घरची गाडी खराब आहे, नाहीतर आपलं डोकं. सरांचा दोष नाही म्हणा, त्यांना त्यांची गाडी दिवसभरात पंधरा जणांच्या हाती द्यायची असते. पण फी भरणाऱ्याने एवढं जरूर म्हणावं, "सर, आजचा एक दिवस तुमचे दोन्ही पाय सीटखाली ठेवा." मुलीच्या लायसन्सच्या टेस्टला आठचा आकडा काढून घेतला, गाडी मागे घ्यायला लावली, चढावर थांबवून पुन्हा काढायला लावली. उतरताना कुठला गिअर ठेवशील, हे कुणी विचारलं नाही.

आणि उतारावरच तर सगळं आहे. आता मी ज्यावरून आमच्या घरात भांडणं होतात त्या विषयावर येते, तो म्हणजे न्यूट्रल.

आपल्या पिढीतल्या पुरुषमंडळींचा एक लाडका समज आहे की उतार आला की गाडी न्यूट्रलवर सोडायची, पेट्रोल वाचतं. आमचे दादा आजही जुबिली हिल्सच्या चेकपोस्टपासून खाली येताना हे करतात आणि वर सांगतात, "अगं, फुकटात चाललोय." हा समज आला कुठून तेही समजण्यासारखं आहे. कार्बोरेटरच्या गाडीत पाय उचलला तरी इंजिन थोडं पेट्रोल ओढतच राहायचं, गिअरमध्ये असो की नसो. पेट्रोलला रांगा लावलेली ती माणसं. पण कार्बोरेटर आपल्या मोटारींतून २००० च्या आसपास गेला, आता सगळ्या गाड्या इंजेक्शनच्या. इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअर तसाच ठेवून रेसवरून पाय पूर्ण उचलला, की गाडीचा मेंदू पेट्रोल बंदच करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात, मग पेट्रोल कशाला? फेरे साधारण बारा-पंधराशेच्या खाली आले की पुन्हा थेंब सोडायला लागतो. उलट न्यूट्रलला इंजिन स्वतःच्या जिवावर चालू ठेवावं लागतं, त्याला पेट्रोल लागतंच. म्हणजे दादांचं फुकट हे गिअरमध्ये ठेवून उतरण्यापेक्षा महाग पडतं. हे मी त्यांना चार वेळा सांगितलं. ते म्हणतात, "तुझी बँकेची नोकरी होती, तुला हिशेबच दिसणार."

पेट्रोलचं जाऊ द्या. खालच्या गिअरमध्ये पाय उचलला की इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं, तेही ब्रेक न वापरता. न्यूट्रलला ते सोडून देतं. मग सगळं वजन ब्रेकवर येतं. ब्रेक म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे उष्णता. लांब घाटात सतत पाय ठेवला की चकत्या आणि पॅड तापतात, ती धग ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ते तेल कोरं असताना डॉट-३ असेल तर २०५ अंशांना, डॉट-४ असेल तर २३० ला उकळतं. पण ते हवेतला ओलावा पीत असतं, त्यामुळे जुन्या तेलाचा हा आकडा बराच खाली येतो. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल भुसभुशीत होऊन तळाला जातं. लोक म्हणतात, "ब्रेक फेल झाले." बऱ्याचदा ते आपणच शिजवलेले असतात. तेल दोन वर्षांनी बदलायचं असतं, हेही किती जण करतात कोण जाणे. त्यातून कुणी अतिशहाण्याने उतारावर इंजिनच बंद केलं तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो. मग पेडल दगड होतं, आणि स्टिअरिंगही जड होतं.

पुण्याला नातेवाईक असलेल्यांनी नवले पुलाचं नाव ऐकलेलं असतंच. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून तिथपर्यंत जो लांब उतार आहे, त्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एक ट्रक कित्येक गाड्यांना धडकत गेला. डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडल्याचं प्राथमिक तपासात पुढे आल्याच्या बातम्या तेव्हा होत्या. माझी मुलगी रोज त्याच रस्त्याने कामाला जाते. तिची गाडी कितीही शिस्तीत असली तरी मागून येणाऱ्याचा गिअर तिच्या हातात नाही, हा विचार केला की पोटात गोळा येतो.

मामा ऐंशीच्या दशकात श्रीशैलमची बस न्यायचे. मन्ननूरनंतर जंगल लागतं. ईगलपेंटा मागे पडलं की रस्ता कृष्णेच्या पात्राकडे उतरतो, वळणावर वळण, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नुसती हवा. धरणाखालचा पूल ओलांडला की पलीकडे पुन्हा तेवढंच चढायचं. मी कॉलेजात असताना एकदा त्यांच्या मागच्या सीटवर बसून गेले. उतार सुरू व्हायच्या आधी, अगदी सपाट दिसणाऱ्या जागी, त्यांनी बस हळू केली आणि दोन गिअर खाली आणले. मागचे प्रवासी कुरकुरले. मी विचारलं तर म्हणाले, "पोरी, हा डोंगर चढायला जो गिअर लागला असता ना, त्यातच उतरायचं. आणि गिअर डोंगराच्या आधी टाकायचा. एकदा बस सुटली की मग तो आपलं ऐकत नाही." अख्खा घाट ब्रेकवर त्यांचा पाय अधूनमधून यायचा, घट्ट दाबून सुटायचा. ब्रेकवर सारखा पाय चोळत बसणाऱ्याला ते "इस्त्रीवाला" म्हणायचे.

हेच तुळजापूरला. आपल्यातल्या किती घरांची कुलदेवता भवानी! वर्षातून एकदा तरी गाडी सोलापूर रोडला लागतेच. पटांचेरू, संगारेड्डी, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग. दर्शन घेऊन कुणी सोलापूरच्या मावशीकडे जायला निघतं आणि घाट उतरायचा येतो. घाट काही खंडाळ्याएवढा नाही, म्हणूनच कुणी मनावर घेत नाही. गाडीत सहा माणसं, डिकीत प्रसाद आणि परतीचं सामान, पोटात पुरणपोळी, डोळ्यांवर झापड. भरलेल्या गाडीला थांबवायला जास्त जोर लागतो, हे साधं आहे. माथ्यावरच तिसरा टाका, वळणं दिसली की दुसरा. इंजिन थोडं ओरडेल, ओरडू द्या. नवीन चालवणारी माणसं त्या आवाजालाच घाबरतात आणि गिअर वर टाकतात. साडेतीन-चार हजार फेऱ्यांना इंजिनाचं काही बिघडत नाही, ते त्यासाठीच बनवलंय. बिघडतं ते पाचव्यातून चौथा टाकायला जाऊन घाईत दुसरा पडला तर. तेव्हा क्लच सोडू नका, एवढंच लक्षात ठेवा. रेस जास्त झाली तर गाडीचा मेंदू ती तोडतो. चाकांनीच ओढून नेलेल्या इंजिनाला तो वाचवू शकत नाही.

हायवेवर आणखी एक प्रसंग येतो. उमरग्याच्या पुढे उसाचा हंगाम असला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर भेटतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तुम्ही ऐंशीवरून त्याच्या मागे पन्नासवर येता आणि गिअर पाचवाच राहतो. मग ओलांडायला पाय दाबता, गाडी घुसमटते, जागची हलत नाही आणि मागून ट्रॅव्हल्सची बस हॉर्न देत येते. अशा वेळी तिसरा टाकायचा, आणि तो ओलांडायला बाहेर पडण्याआधी टाकायचा. आधी गिअर, मग रस्ता. अर्ध्यात गिअर शोधणाऱ्यांची मला फार भीती वाटते.

गावात काय? गावात पी. व्ही. नरसिंह राव एक्स्प्रेसवे घ्या. २००९ ला झाला, मेहदीपटणम ते आरामघर साडेअकरा किलोमीटर. आपण त्यावरून जातो ते बहुधा पहाटे, अमेरिकेहून आलेल्या मुलांना शमशाबादला आणायला. रस्ता मोकळा, गाडी पाचव्यात, मनात नातवंडं. आणि मग उतरण येते, खाली चौक. वरच, उतरण सुरू व्हायच्या आधी पाय उचलून चौथा, मग तिसरा. तोवर वेग आपोआप पन्नासवर आलेला असतो. जुबिली हिल्सच्या रोड नंबर ४५ वरून दुर्गम चेरुवूच्या केबल ब्रिजकडे येतानाही हेच. वळणाचं तर आणखी महत्त्वाचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्याकोऱ्या बायोडायव्हर्सिटी फ्लायओव्हरच्या वळणावरून एक भरधाव मोटार खाली कोसळली आणि खाली रस्त्याकडेला असलेली एक बाई जिवानिशी गेली. वेग जो काही कमी करायचा तो वळणात शिरण्याआधी, आणि गिअरही आधीच. वळणात क्लच दाबलेला नको.

गावासाठी मात्र मी मामांच्या शिस्तीला एक पुरवणी जोडते. ती त्यांच्या काळात लागत नव्हती. नुसत्या गिअरने वेग कमी केला की मागचा लाल दिवा लागत नाही. काचीगुडा क्रॉस रोडला तुमच्या मागे एक हात अंतरावर स्कूटीवाला असतो, हँडलला दोन पिशव्या, हेल्मेटमध्ये मोबाइल खोचलेला. त्याला कसं कळणार तुम्ही हळू होताय? म्हणून गिअर खाली आणताना ब्रेकला पायाचा स्पर्श करायचाच, दिवा लागण्यापुरता. आणि इंजिन हे ब्रेकला जोडीदार आहे, ब्रेकच्या जागी नाही. सपाट चौकात पाच-चार-तीन-दोन-एक असा पाढा म्हणायची गरज नसते. चांगला ब्रेक मारून वीस-पंचवीसवर आलात तर पाचव्यातून थेट दुसरा टाका, काही बिघडत नाही. गाडी चालू असताना पहिला शक्यतो नकोच. तो अडला तर जबरदस्ती करू नका. तो तुम्हाला सांगत असतो की अजून हळू व्हा.

क्लचवर पाय ठेवून बसण्याबद्दल मी काही बोलणार नाही, आमच्या रामकोटीच्या मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलंय. वहिनींच्या गाडीचा क्लच उघडला, प्लेट हातात घेऊन ते दादांना म्हणाले, "साब, क्लच के उप्परच पाँव रखके सोते क्या घर में लोगां?" त्या दिवशी नऊ हजार गेले. गाडी गेली सहा वर्षं एकटे दादाच चालवत होते, हे वहिनींनी तिथल्या तिथे, मिस्त्रींच्या समोर सांगितलं.

वहिनींचंच सांगते आता. लायसन्स २०११ चं. दोनदा चादरघाटाच्या उताराला गाडी बंद पडली, मागून हॉर्न, बाजूने दादा. तेव्हापासून सुलतानबाजारला रिक्षाने. गेल्या पावसाळ्यात दादांची बायपास झाली, डॉक्टरांनी तीन महिने गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. दर आठवड्याला तपासणी, बाहेर धो धो पाऊस, ॲपवरची टॅक्सी येते म्हणते आणि येत नाही. भाचा हैदराबादेत नाही. मी दोन रविवार वहिनींबरोबर बसले. काही मोठं शिकवलं नाही. फक्त तिसऱ्यातून दुसरा. चाळीस, ब्रेक, तीसच्या खाली, क्लच, दुसरा, चिमूटभर रेस, सोड. पुन्हा तिसरा. पुन्हा दुसरा. साठ-सत्तर वेळा झालं असेल. पहिल्या रविवारी शेवटी त्या म्हणाल्या, "अगं, झटका का बसला नाही?" एवढ्याशा गोष्टीसाठी बाईने बारा-चौदा वर्षं रिक्षा केली. त्यानंतर दर बुधवारी त्यांनीच दादांना दवाखान्यात नेलं. दादा मागच्या सीटवर. तो नियम वहिनींचा.

यावर तरुण मंडळी म्हणतील, मावशी, आता ऑटोमॅटिक घ्या ना, कशाला हा खटाटोप. ज्याला रोज हायटेक सिटीच्या जॅममध्ये दीड तास काढायचाय किंवा ज्याचा डावा गुडघा बोलतो, त्याने खुशाल घ्यावी. मी स्वतःही पुढची गाडी कदाचित तीच घेईन. पण घरात आज जी उभी आहे ती गिअरची आहे, आणि गुडघा धरलेला माणूस आहे तो तिचा एकमेव ड्रायव्हर. शिवाय ऑटोमॅटिकलाही डोंगर सुटत नाही. तिच्या दांडीवर डी सोडून एल किंवा एम किंवा एस असं काहीतरी असतं, ते याचसाठी, उतारावर गाडीला खालच्या गिअरमध्ये धरून ठेवायला. माझ्या भाचेजावयांनी चौदा लाखांची गाडी घेतली, श्रीशैलमला जाऊन आले, परत आल्यावर म्हणाले ब्रेकचा जळका वास येत होता. मी विचारलं, एम वापरलात का? ते म्हणाले, ते काय असतं?

ज्यांना शिकायचंय किंवा घरच्यांना शिकवायचंय, त्यांनी रविवारी सकाळी साडेसहाला उस्मानिया विद्यापीठात जावं. आर्ट्‌स कॉलेजच्या आसपासचे रस्ते रुंद आहेत, झाडी आहे, थोडे चढउतारही आहेत. आठनंतर क्रिकेटवाली पोरं आणि चालायला आलेली मंडळी वाढतात, तोवर आटपायचं. एका वेळी एकच धडा घ्यावा, तिसऱ्यातून दुसरा. शिकवणाऱ्याने हँडब्रेकजवळ हात ठेवावा आणि तोंड बंद. नवरा शिकवणार असेल तर त्याला घरीच ठेवा, बहीण, नणंद, शेजारीण कुणीही चालेल. आम्ही दोघी आता रविवारी जातोच, अजून एक-दोन गाड्या आल्या तर बरंच. येताना थर्मासमध्ये चहा आणा, एवढ्या सकाळी तिथे काही मिळत नाही.